पुळणीवरचा कडू कांदा

कांदा नाही असे मराठी घर शोधून सापडायचे नाही. चातुर्मासात ज्यांच्याकडे तो वर्ज्य असतो, त्यांच्या घरीही आषाढ शुद्ध नवमीला भजी-थालीपिठांच्या थाटात त्याला निरोप दिला जातो, आणि कार्तिकी एकादशी उलटली की तितक्याच प्रेमाने तो पुन्हा फोडणीत पडतो. अशा या लाडक्या कांद्याचा एक लांबचा भाऊबंद आपल्या कोकण किनाऱ्यावर राहतो. त्याला कोणी पाटावर घेत नाही. गुरे त्याच्या पानांना तोंड लावत नाहीत. माणसांनी मात्र त्याच्यापुढे कधी हात जोडले, कधी त्याच्या नावाने कानाला खडा लावला. हा भाऊबंद म्हणजे रानकांदा. कोठे त्याला जंगली कांदा म्हणतात, कोठे कोळकांदा.

रूपाने तो इतका साधा, की पुळणीवर फिरायला गेलेल्या शंभरातल्या नव्वद जणांच्या नजरेलाही तो पडत नाही. पण त्याच्या पांढऱ्या पाकळ्यांत खोकल्याचे औषध आहे, हृदयाला चालना देणारे द्रव्य आहे, आणि मात्रा चुकली तर तेच हृदय थांबवणारे विषही आहे. निरनिराळी तीन द्रव्ये नव्हेत. बहुतांशी एकाच द्रव्यघराण्याची ही तीन रूपे आहेत. म्हणून रानकांद्याची हकिगत ही केवळ एका झाडाची हकिगत राहत नाही. औषध कशाला म्हणावे, या प्रश्नाचीच ती हकिगत होते.

आधी फूल, मग पान

बहुतेक झाडे आधी पानांचा संसार थाटतात आणि मग फुलतात. रानकांद्याची रीत उलटी. पावसाळा संपला की त्याची पाने पिवळी पडून वाळतात आणि झाड जणू नाहीसे होते. पोष गेला, माघ गेला. वाळूवर त्याची काही खूण उरत नाही. मग उन्हे तापू लागतात, अनवाणी पायाला वाळूचा चटका बसू लागतो, आणि अशा ऐन उन्हाळ्यात एके दिवशी जमिनीतून एक बारीक सरळ दांडा वर येतो. त्याला एकही पान नसते. पाहता पाहता तो हात-दीड हात वाढतो, कधी त्याहूनही उंच होतो, आणि त्याच्या वरच्या भागात लांब देठांची, लहान घंटेसारखी फुले एकेक करून उमलू लागतात.

फुलांचा रंग डोळ्यांत भरेल असा नाही. मळकट पांढरा म्हणा, फिकट तपकिरी म्हणा. त्यात प्रत्येक पाकळीच्या मधोमध हिरवट रेघ. सहा पाकळ्या, सहा केसर. फूल फार टिकत नाही, पण दांड्यावर खालून वर एकामागून एक उमलत राहतात, म्हणून काही दिवस झाड फुललेले दिसते. पुढे तीन कप्प्यांची बोंडे धरतात. ती तडकली की आतल्या काळ्या, चपट्या, कागदासारख्या हलक्या बिया वाऱ्यावर निघून जातात. मृगाचा पाऊस पडला की मग कोठे पाने येतात: लांब, चपटी, पट्टीसारखी. चार महिने ऊन-पाणी पिऊन ती जमिनीखालच्या कंदात शिधा भरून ठेवतात आणि आपले काम झाले की निघून जातात. हा अंक आपल्या हाती पडेल त्या सुमारास पुळणीवरचा रानकांदा आपला पसारा आवरू लागलेला असेल.

कंद साधारण आपल्या कांद्याएवढा, पांढरट, एकावर एक पापुद्रे चढलेला. पण चिरला तर कांद्याचा ओळखीचा दर्प येत नाही. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुसरा फरक असा, की चिरणाऱ्याच्या हाताला खाज सुटते. अळू आणि सुरण यांची खाज ज्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे होते, तसलेच कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक याच्या पापुद्र्यांतही असतात. आणि तिसरा फरक चवीचा. रानकांदा जहाल कडू असतो. पण ही चव ऐकूनच माहीत असलेली बरी.

हा केवळ समुद्रकाठीच होतो असे मात्र नाही. डोंगरउतारांवर, माळावर, देशाच्या इतर कोरड्या भागांतही तो आढळतो. परंतु रेताड किनारा हे त्याचे आवडते ठिकाण. वाळूत पाणी ठरत नाही, त्यामुळे कंद कुजत नाही. आणि आठ महिने पाणी नसले तरी ज्याची कोठी भरलेली आहे त्याला काळजी कसली?

एक कांदा, अनेक नावे

आपल्याकडील निघंटूंत कोलकंद, वनपलांडु, पुटकंद अशी नावे आढळतात आणि ती याच कंदाला लावली जातात. पलांडु म्हणजे कांदा, म्हणून वनपलांडु हा सरळ रानकांदाच झाला. पुटकंद हे नाव तर फारच नेमके आहे. पुटे म्हणजे पदर. पदरापदरांचा तो पुटकंद. यूनानी हकीम त्याला उन्सुल किंवा इस्कील म्हणतात. अरबी भाषेतले आणखी एक नाव आहे बसल-उल-फार, म्हणजे ‘उंदराचा कांदा’. हे नाव वाचकांनी मनात ठेवावे. त्याचा खुलासा पुढे येणार आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञांनीही नावे बदलण्यात हात आखडता घेतलेला नाही. रॉक्सबर्गने त्याला सिला इंडिका म्हटले, पुढे कुंथने अर्जिनिया इंडिका केले, आणि आता तो ड्रिमिया इंडिका या नावाने ओळखला जातो. पूर्वी कांदा, लसूण आणि रानकांदा हे सगळे लिलीच्या एकाच मोठ्या कुळात मोडत. आता त्या कुळाच्या वाटण्या झाल्या असून कांदा-लसूण एका घरात गेले आणि रानकांदा शतावरीच्या घरात गेला. म्हणजे नावाने कांदा असला तरी आता तो कांद्याचा सख्खा राहिलेला नाही!

खेडोपाडी आणखी एक घोटाळा होतो. रानात उगवणाऱ्या आणि कांद्यासारख्या दिसणाऱ्या कोणत्याही कंदाला लोक सहज रानकांदा म्हणून मोकळे होतात. किनाऱ्यावर आणि बागांच्या कुंपणाशी मोठ्या पांढऱ्या सुवासिक फुलांचा नागदवणा असतो. तोही कंदाचाच, तोही विषारी, पण त्याची जात अगदी निराळी. औषधाच्या बाबतीत असली नावाची सरमिसळ नडते. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण कंदांना जितकी लागू आहे तितकी माणसांनाही नसेल.

भूमध्य समुद्राकाठचा थोरला भाऊ

आपल्या रानकांद्याचा एक थोरला भाऊ भूमध्य समुद्राच्या काठी राहतो. त्याचे नाव ड्रिमिया मारिटिमा. इंग्रज त्याला स्क्विल म्हणत. अंगापिंडाने तो चांगलाच दणकट. एकेक कंद दोन-दोन किलो भरतो, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पुरुषभर उंचीच्या दांड्यावर शेकडो पांढरी फुले येतात. पानांआधी फुलायची खोड मात्र दोघा भावांत सारखीच.

या थोरल्या भावाला मोठा इतिहास आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मिसरी वैद्यकाच्या भूर्जांत त्याचा उल्लेख असल्याचे अभ्यासक सांगतात. रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो, की पायथागोरसने या कांद्यावर एक पुस्तकच लिहिले होते. काटकोन त्रिकोणाने ज्यांना शाळेत घाम फोडला तोच हा पायथागोरस! हा कांदा दाराशी टांगला की घरात अरिष्ट शिरत नाही, अशी त्या काळची समजूत होती. ग्रीसमध्ये नववर्षाच्या वेळी असा कंद दाराला टांगण्याची चाल आजही आहे. तिच्यामागचे कारण मोठे सुंदर आहे. हा कंद उपटून, मातीपाण्यावाचून नुसता टांगून ठेवला तरी त्याला हिरवी पाने फुटतात. ज्याला मरण माहीत नाही असे काही तरी दारावर असावे, असे कोणाला वाटणार नाही? आपण दिवाळीला आंब्याची पाने आणि झेंडू बांधतो, त्यामागची भावना काही फार वेगळी नाही.

भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील शेतकरी हा कांदा शेताच्या हद्दीवर लावीत. कंद खोल जातो, सहसा मरत नाही, आणि त्याला जनावरे खात नाहीत. तेव्हा हद्दीची याहून चांगली खूण कोणती? बांधाच्या वितभर जमिनीपायी आपल्याकडे दोन-दोन पिढ्या कोर्टाची पायरी चढतात. त्यांच्या आजोबांना ही युक्ती सुचायला हवी होती!

पण त्याचे खरे नाव झाले ते औषधात. ग्रीक आणि रोमन वैद्य त्याचे काप शिरक्यात मुरवून ठेवीत. पुढे त्यात मध घालून खोकल्याचे चाटण करण्याची पद्धत पडली. अरबांनी ती उचलली, आणि यूनानी वैद्यकाबरोबर ती हिंदुस्थानात आली. हकिमांची सिकंजबीन उन्सुली ती हीच. जुना खोकला, छातीत साठलेला कफ, दमा, आणि अंगावर व पोटात पाणी भरून येणारी सूज, या व्याधींवर तो दिला जाई. सुजेवर लंडनमध्ये स्क्विल, डिजिटॅलिस आणि पारा यांची एक गोळी देत. गाय नावाच्या तिथल्या प्रसिद्ध रुग्णालयावरून तिला गायची गोळी म्हणत.

काखेत कळसा

इंग्रजांच्या अमदानीत इथल्या दवाखान्यांना लागणारी औषधे मोठ्या प्रमाणात विलायतेहून बोटीने येत. स्क्विलही त्यांतच. आणि त्याच वेळी मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या पुळणीवर त्याचा धाकटा भाऊ फुकट उगवत होता. याला म्हणायचे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ही गोष्ट ध्यानात आणून देणाऱ्यांत मुंबईचे डॉक्टर विल्यम डायमॉक यांचे नाव घेतले पाहिजे. वॉर्डन आणि हूपर या दोघांच्या साहाय्याने त्यांनी १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. बाजारात कोणती मुळी कोणत्या नावाने विकली जाते आणि लोक ती कशावर वापरतात, याची त्यात बारकाईने नोंद आहे. पुढे कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगसंस्थेत रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधांची प्रयोगशाळेत पारख करण्याचे मोठे काम उभे केले. ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९३३ साली निघाला. आपला रानकांदा गुणाने विलायती भावाच्या तोडीचा आहे, या निष्कर्षाला त्यांच्या कामाने बळ मिळाले. ब्रिटिश औषधसंहितेने त्याला स्क्विलचा पर्याय म्हणून मान्यता दिली, आणि स्वतंत्र भारताच्या औषधसंहितेतही त्याला जागा मिळाली. पुळणीवरचा कडू कांदा असा दवाखान्याच्या फडताळात जाऊन बसला.

तो तिथे कसा जाई तेही पाहण्यासारखे आहे. फुलोरा येऊन गेला की लगेच कंद काढीत. वरची कोरडी टरफले टाकून आतल्या पाकळ्यांचे काप करीत आणि ते वाळवीत. मोठे, जून कंद गुणाला कमी समजले जात. लिंबाएवढे कोवळे कंद पसंत केले जात. वाळलेल्या कापांची पूड करणे ही तर कसोटीच होती, कारण ही पूड हवेतली ओल शोषून घेते आणि तिचा दगडासारखा गोळा होतो. कोकणातल्या पावसाळ्यात कुरडया-पापड सांभाळताना गृहिणींची जी तारांबळ उडते, तीच इथे औषध करणाऱ्यांची उडे.

आणि मात्रा? जुन्या औषधसंहितेत या पुडीची मात्रा एक ते तीन ग्रेन अशी दिलेली असे, म्हणजे सुमारे ६० ते २०० मिलिग्रॅम. सोनाराकडची लाल गुंज आठवा. तिचे वजन सुमारे १२० मिलिग्रॅम भरते. म्हणजे अर्ध्या गुंजेपासून दीड-पावणेदोन गुंजांपर्यंत. औषध म्हणून जे काही चालत होते, ते एवढ्याशा जागेत चालत होते.

लोकांच्या घरगुती वापरात रानकांदा पोटापेक्षा कातडीवर अधिक सुरक्षित होता. पायाला कुरूप झाले, चामखीळ आली, तळपायांची आग होऊ लागली, तर कंद ठेचून किंवा भाजून बांधण्याची चाल देशाच्या अनेक भागांत होती. त्यानेही काहींच्या कातडीला फोड येत. पण निदान पायाचे दुखणे पायाशीच राहत असे.

औषध कोठे संपते?

आता त्या पदरांत दडले आहे काय, ते पाहू. श्टोल नावाच्या स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या काळात आपल्या सहकाऱ्यांसह या कांद्याच्या द्रव्यांचा पाठपुरावा केला आणि स्फटिकरूप सिलारेन-ए वेगळे काढले. अशा द्रव्यांना हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइडे म्हणतात. त्यांचे काम समजायला फार शास्त्र लागत नाही.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक इवलासा पंप असतो. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ स्कू यांनी १९५७ साली तो उजेडात आणला. त्याबद्दल १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रानकांद्याचे द्रव्य या पंपाला खीळ घालते. पंप मंदावला की हृदयाच्या पेशीत सोडियम साठते, त्यापाठोपाठ कॅल्शियम वाढते, आणि कॅल्शियम वाढले की हृदयाचा स्नायू जोराने आकुंचन पावतो. थकलेले हृदय नेटाने रक्त ढकलू लागते, मूत्रपिंडांना रक्त पुरते, लघवी सुटते आणि अंगावरची सूज ओसरते. जुन्या वैद्यांना पंप ठाऊक नव्हता. पण सूज ओसरलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

खोकल्यातला गुण याहून निराळ्या वाटेने येतो. थोड्या मात्रेत हे द्रव्य जठराच्या अस्तराला डिवचते, आणि मज्जातंतूंच्या मार्गाने त्याची प्रतिक्रिया म्हणून श्वासनलिकांत पातळ स्राव वाढतो. घट्ट कफ सैल होऊन सुटतो. ओकारी येण्याच्या अलीकडची जी पायरी, तिच्यावर औषध उभे असते. एक पायरी पुढे सरकले की वांती. त्याच्याही पुढे गेले की नाडी मंद होते, हृदयाचे ठोके ताल सोडतात, आणि मग सगळेच संपते.

या पायऱ्या एकमेकींना अगदी लागून आहेत, हीच तर खरी अडचण. इंग्लंडात विल्यम विदरिंग यांना १७७५ च्या सुमारास एका म्हातारीचा सुजेवरचा गुप्त काढा समजला. त्यात वीसएक वनस्पती होत्या. खरे काम करणारी त्यातली एकच, डिजिटॅलिस, हे त्यांनी ओळखले, दहा वर्षे रोगी तपासले, मात्रा ठरवली, आणि १७८५ साली यशाबरोबर अपयशेही लिहून पुस्तक छापले. डिजिटॅलिसची द्रव्ये रानकांद्याच्या द्रव्यांची जवळची नातलग. १९३० साली त्या घराण्यातून डिगॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे झाले, आणि प्रत्येक गोळीत नेमके किती औषध आहे हे छातीठोकपणे सांगता येऊ लागले. स्क्विल मागे पडला तो त्यात गुण नव्हता म्हणून नव्हे. त्याचे माप हाती लागेना, म्हणून.

माप का लागत नव्हते, याची कारणे कंदातच आहेत. एका जागचा कंद आणि दुसऱ्या जागचा कंद सारखा नसतो. फुलोऱ्यानंतर काढलेला आणि पावसात काढलेला सारखा नसतो. आपल्या रानकांद्यात तर एकाच जातीत गुणसूत्रांचे दोन, तीन, चार असे निरनिराळे संच असलेली झाडे सापडतात. बाहेरून सगळी एकाच आईची लेकरे दिसतात. आतला गुण मात्र ज्याचा त्याचा.

उंदराचा कांदा

आता त्या अरबी नावाकडे वळू. भूमध्य समुद्राकाठच्या कांद्याची एक तांबडी जात आहे. तिच्यात सिलिरोसाइड नावाचे जास्तीचे द्रव्य असते, आणि ते उंदरांना फार बाधते. मांजर, कुत्रा किंवा माणूस यांच्या पोटात हा कांदा गेला तर बहुधा लगेच वांती होऊन विष बाहेर पडते. उंदराला वांती करताच येत नाही. त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. पोटात गेलेले पोटातच राहते. म्हणून उंदीर मारण्यासाठी या कांद्याचा उपयोग शतकानुशतके झाला, आणि विसाव्या शतकात वॉर्फरिनसारखी नवी औषधे येईपर्यंत युरोप-अमेरिकेत त्याची पूड उंदरांसाठी सर्रास वापरात होती.

यात एक मोठी शिकवण आहे. माणसाला वाचवते ती वांती, कांद्याची दयाबुद्धी नव्हे. आणि वांती दर वेळी वाचवीलच असा भरवसा नाही. १९९५ साली तुर्कस्तानातील डॉक्टरांनी वैद्यकाच्या एका नियतकालिकात एका पंचावन्न वर्षांच्या बाईची हकिगत छापली. सांधे दुखतात म्हणून तिने गावठी उपाय समजून या कांद्याचे दोन कंद खाल्ले. मळमळ, वांत्या, मग हृदयाचे ठोके बिघडले. रुग्णालयात सगळे उपाय झाले, तरी सुमारे तीस तासांत ती गेली. जे झाड हजारो वर्षे त्या प्रदेशात औषध म्हणून ओळखले जात होते, त्याच झाडाने, त्याच प्रदेशात, तिचा प्राण घेतला.

त्या बाईला झाडाचे नाव माहीत होते आणि उपयोगही माहीत होता. माहीत नव्हते ते माप.

बटव्यातले दुसरे अर्धे

आजीबाईच्या बटव्याबद्दल आपण सगळेच हळवे असतो. त्यात हरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग असते हे आपण सांगतो. पण आजीजवळ आणखी एक गोष्ट होती, ती बटव्यात दिसत नसे. बाळाला जायफळ उगाळताना ती सहाणेवर किती वेढे द्यायचे ते मोजत असे. एक वेढा जास्त झाला तर ‘पुरे!’ म्हणून थांबत असे. कोणत्या दुखण्याला आपण हात लावायचा आणि कोणत्या दुखण्याला वैद्यबुवांना बोलावणे धाडायचे, हेही तिला कळत असे. वेढे मोजणे आणि वेळेवर थांबणे, हे बटव्यातले दुसरे अर्धे. औषध पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, पण हे दुसरे अर्धे वाटेत गळत गेले.

आज तर हे गळणे अधिकच झाले आहे. मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ रामबाण उपाय येऊन पडतात. ‘निसर्गातले आहे, अपाय होणारच नाही’ हे त्यांचे पालुपद. रानकांद्याइतके या पालुपदाला चोख उत्तर दुसरे नाही. तो पुरता निसर्गातला आहे. त्यावर कसली फवारणी नाही, त्याला कसले खत नाही. आणि तरी तो माणसाचे हृदय थांबवू शकतो.

म्हणून चार गोष्टी सरळ सांगतो. रानातून किंवा किनाऱ्यावरून आणलेला कोणताही कंद ओळखीच्या खात्रीवाचून घरात शिजवू नये. पहिल्या पावसात रानभाज्या निघतात तेव्हा पट्टीसारखी पाने पाहून ‘भाजीच असेल’ असा अंदाज करू नये; ज्यांचा तो रोजचा सराव आहे, त्यांच्याच हातची भाजी घ्यावी. हृदयाच्या दुखण्यावर डिगॉक्सिन किंवा लघवी साफ होण्याच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांनी रानकांद्याच्या कोणत्याही औषधाजवळ डॉक्टरांना विचारल्यावाचून जाऊ नये, कारण डिगॉक्सिन आणि रानकांदा एकाच पंपाशी झगडतात. आणि कोणाच्या पोटात चुकून असा कंद गेलाच, तर मीठपाणी, ताक असले प्रयोग करीत न बसता रोग्याला तडक रुग्णालयात न्यावे आणि कंदाचा उरलेला तुकडा बरोबर न्यावा. डॉक्टरांना त्या तुकड्याची मोठी मदत होते.

पुळणीवरच राहू द्या

मग हा कांदा दिसला की पायाने ठेचून टाकायचा काय? मुळीच नाही. तो जिथे आहे तिथेच शोभतो आणि तिथेच कामाचा आहे. पुळण म्हणजे ओसाड वाळू नव्हे. मर्यादवेल, रानकांदा, खाऱ्या वाऱ्यात तग धरणारी गवते यांनी मिळून ती बांधून ठेवलेली असते. आज किनाऱ्यांवर रस्ते आले, निवासस्थाने आली, सुरूची बने आली. या साऱ्यांत पुळणीची मूळची झाडे जागा सोडत चालली आहेत. आणि एखादी वनस्पती ‘औषधी’ आहे अशी आवई उठली, की कोणी कुदळ घेऊन येते आणि गाडीभर कंद उपटून नेते. ज्या कंदाला जमीन सोडूनही मरण माहीत नाही असे ग्रीक लोक मानीत, त्याच्या धाकट्या भावाला कुदळीपुढे कोठवर टिकाव धरता येणार?

संशोधकांचे या घराण्याकडे अजून लक्ष आहे. त्यातली द्रव्ये आणखी कोठे उपयोगी पडतील याचा तपास प्रयोगशाळांत चालू आहे. त्यातून उद्या काही निघाले, तर ते मोजून-मापून, तपासून गोळीच्या रूपाने आपल्या हाती येईल. आज मात्र झाड शिल्लक राहिले पाहिजे.

नरकचतुर्दशीच्या पहाटे कोकणात कारीट पायाखाली फोडतात आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावतात. कडूची ओळख ठेवावी, पण थेंबापुरतीच, असा काहीसा त्या रिवाजाचा अर्थ लावता येईल. यंदा दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन समुद्रावर गेलात, तर लाटांकडे धावण्याआधी पुळणीच्या वरच्या अंगाला एकदा पाहा. वाळूतून पट्टीसारखी, पिवळी पडत चाललेली पाने दिसली तर मुलांना खाली बसवून ती दाखवा. उपटू देऊ नका, चाखू देऊ नका. याच्याखाली एक कांदा झोपी जात आहे, असे त्यांना सांगा. उन्हाळ्यात तो पानांवाचून फुलतो, त्याने कित्येकांना तारले आहे आणि काहींना मारले आहे. मुले विचारतील, ‘मग तो चांगला की वाईट?’ त्यांना सांगा, तो नुसता कांदा आहे. चांगले-वाईट ठरते ते आपण किती घेतो आणि कोठे थांबतो, यावर.